कूस बदलली की खोली फिरते. पन्नाशीत हे किती जणांना होतं?

फळा_खडू

नमस्कार. वय 51, साताऱ्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे साडेपाचचा गजर बंद करायला उजव्या कुशीवर वळले आणि छत, पंखा, कपाट सगळं फिरायला लागलं. अंधारी नव्हती, डोकं हलकं झालं असंही नाही. जात्याच्या वरच्या पाळीवर ठेवून कुणी दळायला घ्यावं तसं वाटत होतं. पलंगाची कड घट्ट धरली. माझे वडील अर्धांगवायूने गेले, त्यामुळे पहिला विचार तोच आला. जीभ चालतेय का बघायला मी मोठ्याने 29 चा पाढा सुरू केला. सावकाश, अडखळत 145 पर्यंत आले आणि फिरणं थांबलं. नंतर घड्याळ लावून तसाच पाढा म्हणून पाहिला, साधारण वीस सेकंद. उठून बसले, चालले, चहा केला. नुसती मळमळ उरली होती.

त्या दिवसापासून उजवीकडे वळलं की हेच. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला मान वर केली की झोक जातो. गेल्या सोमवारी नववी ब मध्ये फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना तोल गेला, पुढच्या बाकावरच्या दोघींनी धरलं. मुली रडवेल्या झाल्या होत्या. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दोन डॉक्टर झाले. पहिल्यांनी रक्तदाब पाहिला, 128/82. साखर ठीक. पित्त आणि दगदग म्हणून चक्करेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढून ‘मणक्यांत झीज आहे’ म्हणून पट्टा दिला. गोळ्यांनी दिवसभर झोप येते. परवा वर्गसमीकरण सोडवताना चिन्ह चुकलं, पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि रात्री उजवीकडे वळले की खोली फिरतेच.

आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जणी, 45 ते 58 वयाच्या. विषय काढला तर मी धरून तिघींना ‘चक्कर’ आहे. एक म्हणाली, तुझ्या कानातले खडे सरकले असतील. असं खरंच असतं का? असेल तर या वयात किती जणांना होतं? आणि दाखवायचं कुणाला?

मधुमालती

बाई, वाचून काळजी वाटली. माझं वय 68. उठताना एकदम उठू नका, आधी कडेला बसा, पाय खाली सोडा. मोरावळा रोज एक चमचा, पित्त असेल तर उतरेल.

एक आठवलं. माझी आजी दोन शब्द वेगळे वापरायची. डोळ्यांपुढे काजवे चमकून बसावंसं वाटलं तर ‘घेरी’. घर फिरलं तर ‘भोवंड’. तुमची ती भोवंड वाटते. आपण हल्ली सगळ्यालाच चक्कर म्हणतो.

मांडवाखाली

ताई, अगदी हेच मला झालंय. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, वय 46. विरळणीच्या दिवसांत सकाळपासून मांडवाखाली मान वर करून घड हाताळायचे असतात. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी मान वर केली आणि अख्खा मांडव फिरला. खाली बसलो, कात्री हातातच. मजुरांना वाटलं औषधाची बाधा झाली, कारण आदल्या दिवशी फवारणी झाली होती. मलाही तेच वाटलं, म्हणून धावत दवाखाना गाठला. सलाईन लागलं, दोन दिवस काढले, काही फरक नाही.

शेवटी नाशिकला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेबलावर बसवलं, डोकं डावीकडे वळवून झपकन मागे आडवं केलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. जोरात फिरलं. म्हणाले, ‘सापडलं.’ मग तिथंच डोकं वेगवेगळ्या बाजूंना वळवत उठवलं. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी बागेत होतो. चौदा महिन्यांनी पुन्हा आलं, पुन्हा गेलो, पुन्हा बरा झालो.

पट्टा काढून ठेवा म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. पण कानाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

कानोसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, 26 वर्षं हेच काम करतोय. न तपासता निदान करत नाही, पण तुमचं वर्णन वाचून मी तुम्हाला उद्याच बोलावलं असतं. कूस बदलल्यावर किंवा मान वर केल्यावर, काही सेकंदांचं, वस्तू फिरल्याचं जाणवणारं आणि बाकी वेळ बऱ्यापैकी ठीक, हे सगळं मिळून एका आजाराकडे बोट दाखवतं. बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. बोलीत कानातले खडे, आणि ते नाव चूक नाही.

कानाच्या आतल्या भागात एका पिशवीत जेलीसारख्या पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. चुनखडीत आणि शिंपल्यात असतो तोच पदार्थ. त्यांच्या वजनामुळे मेंदूला वर-खाली कळतं. शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, एकमेकींशी जवळपास काटकोनात. तुम्ही गणिताच्या आहात म्हणून सांगतो: क्ष, य आणि झ अक्ष. डोकं कुठल्या प्रतलात फिरलं हे त्या मोजतात, आतल्या द्रवाच्या हालचालीवरून. स्फटिक सुटून यांपैकी एका नलिकेत शिरले की डोकं स्थिर झाल्यावरही ते घरंगळत राहतात आणि द्रवाला ओढतात. नलिका मेंदूला कळवते की डोकं फिरतंय. डोळे सांगतात फिरत नाही. या भांडणात तुमची खोली फिरते. स्फटिक तळाला बसले की थांबते, म्हणून तुमचा पाढा 145 ला संपला. बहुतेक वेळा मागची नलिका सापडते, कारण तीच सर्वांत खालच्या पातळीवर आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. जर्मनीत देशभरातल्या प्रौढांची पाहणी झाली, निष्कर्ष 2007 साली छापून आले. आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेले 2.4 टक्के. पाहणीच्या आधीच्या वर्षभरात झालेले 1.6 टक्के. आयुष्यभराच्या आकड्यात स्त्रिया 3.2 टक्के, पुरुष 1.6, म्हणजे बरोबर दुप्पट. पहिल्यांदा होण्याचं सरासरी वय एकोणपन्नाशीच्या पुढे-मागे. आणि ऐंशीपर्यंत जगणाऱ्यांपैकी जवळपास 10 टक्क्यांना हा कधीतरी गाठतो. साताऱ्याला हे आकडे दशांशासकट लावू नका, पण माझ्याकडे येणाऱ्यांतही पंचेचाळीस ते पासष्टच्या बायकाच जास्त दिसतात.

त्याच पाहणीतला एक आकडा मला कधी विसरता येत नाही. त्रास झालेल्यांपैकी गुणकारी उपचार मिळालेले फक्त 8 टक्के. ते जर्मनीत. आपल्याकडे मानेचे पट्टे किती विकले जातात त्याचा विचार करा. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेमध्ये थोडी झीज पुष्कळांच्या दिसते. ती दिसली म्हणून कूस बदलल्यावर खोली फिरण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

मधुमालतीताई, मोरावळा खुशाल घेऊ द्या, पण त्याने खडे जागेवर जात नाहीत. चक्करेच्या गोळ्यांनीही जात नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की या आजारात त्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. मळमळ फार असेल तर एक-दोन दिवस समजू शकतो.

मात्र बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, तोंड किंवा हातपाय वाकडे वा बधिर होणं, उभंच राहता न येणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं, एका कानाने अचानक ऐकू न येणं, यांतलं काहीही सोबत असेल तर हा धागा वाचत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

फळा_खडू

डॉक्टर, तुमच्या उत्तराची प्रत काढून स्टाफरूममध्ये लावली आहे. क्ष-य-झ अक्षांचं वाचून उद्या अकरावीच्या शिक्षकांनाही दाखवणार आहे.

पण आकडा बघून राहवलं नाही, हिशेब मांडला. स्त्रियांचे 3.2 टक्के धरले तर अकरा जणींत तीन किंवा जास्त निघण्याची शक्यता हजारात चार-पाच येते. इतकी कमी. मग आमच्या शाळेत काही वेगळं आहे का? खडूची धूळ, गोंगाट, उभं राहणं? की आमच्याकडे प्रमाणच जास्त आहे?

कानोसा

हिशेब बरोबर आहे, पण तुमच्या तिघींचं ‘चक्कर’ एकच आहे हे कशावरून? त्या पाहणीत प्रत्येकाला ठरावीक कसोट्या लावल्या होत्या. स्टाफरूममध्ये फक्त शब्द मोजला गेला.

दोघींना तीनच गोष्टी विचारा. काय केल्यावर येते? किती वेळ टिकते? कानाची काही तक्रार असते का? कसं वाटतं हे विचारलं नाही तरी चालेल. मधुमालतीताईंच्या आजीचा भेद मला फार आवडला आणि मी तो वापरेनही, पण माझा अनुभव असा की घाबरलेला माणूस आज गरगरतं म्हणतो, उद्या अंधारी आली म्हणतो. कशाने आणि किती वेळ, ही उत्तरं सहसा बदलत नाहीत.

फळा_खडू

विचारलं. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बसलो.

इतिहासाच्या बाईंना खाली बसून एकदम उठल्यावर येते, पाच-दहा सेकंद डोळ्यांपुढे काळोख. झोपेत कूस बदलली तर काहीच होत नाही. गेल्या दिवाळीत त्यांची रक्तदाबाची गोळी वाढवली आहे.

चित्रकलेच्या बाईंची मात्र वेगळीच निघाली. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दोन-दोन तास फिरत राहतं, काहीही न हलता. त्याआधी डावा कान भरल्यासारखा होतो, आत समुद्रासारखा आवाज येतो. त्या बाजूला ऐकू कमी येतंय हे त्यांनी आज पहिल्यांदा कबूल केलं. आम्ही गेली दोन वर्षं त्यांना हळू हाक मारली तर लक्ष देत नाहीत असं समजत होतो. मला फार लागलं ते.

म्हणजे तुमच्या कसोटीत अकरात मी एकटीच उरले.

कानोसा

इतिहासाच्या बाईंनी झोपून आणि मग उभं राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्यावा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. स्वतःहून बंद करू नये. चित्रकलेच्या बाईंची श्रवणचाचणी याच आठवड्यात करा. तासन्‌तास चालणारी भोवंड आणि सोबत कानाची तक्रार हा वेगळा आजार असू शकतो, मेनिएर नावाचा. त्यात खडे हलवून उपयोग नाही. त्यांना एकट्याने गाडी चालवू देऊ नका.

तुम्हीही दुचाकी तूर्त बंद ठेवा. सिग्नलला मागे बघताना झोक गेला तर वीस सेकंद खूप होतात.

मांडवाखाली

डॉक्टरसाहेब, एक विचारतो. मला परत आलं ते माझ्या चुकीने का? विरळणी तर दरवर्षी करावीच लागणार.

कानोसा

तुमची चूक नाही. हा आजार परत येतो, पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना. मान वर केल्याने खडे सुटत नाहीत, आधीच सुटलेले मान वर केल्यावर कळतात. वय, डोक्याला मार, फार दिवस अंथरुणावर पडून राहणं, अर्धशिशी यांच्याशी त्याचा संबंध आहे. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कोरियात नऊशेहून जास्त रुग्णांवर प्रयोग झाला, 2020 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर आजार परत येण्याचं प्रमाण सुमारे चौथाईने घटलं. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यांतही मला ते कमी सापडतं.

फळा_खडू

आज कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळं जसं घडलं तसं लिहिते, कुणाला भीती वाटत असेल तर कमी होईल.

आधी तपासणी. टेबलावर पाय लांब करून बसले, डोकं उजवीकडे 45 अंश. डॉक्टरबाईंनी डोकं दोन्ही हातांत धरून मला झटकन आडवं केलं, मान टेबलाच्या कडेखाली जराशी लोंबकळती. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मला वाटलं, झालं, माझा आजारच गेला. मग सुरू झालं. मी डोळे मिटायला लागले तशा त्या म्हणाल्या, ‘डोळे उघडे ठेवा, मला तेच बघायचंय.’ मिस्टर शेजारी उभे होते, त्यांनी माझी बुबुळं गोल उसळताना पाहिली. तीन आठवडे ते मनाला लावून घेऊ नको म्हणत होते. घरी येताना रिक्षात बराच वेळ गप्प होते.

मग तसंच आडवं ठेवून डोकं डावीकडे 90 अंश, थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि डोकं आणखी 90 अंश, नाक जमिनीकडे, थांबायचं. मग हनुवटी खाली ठेवून उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी पाऊण-एक मिनिट. मनात नळीचं चित्र काढत होते, त्यामुळे प्रत्येक कोन कशासाठी ते कळत होतं: खडा वर्तुळाच्या कडेने पुढे पुढे नेऊन ज्या पिशवीतून आला तिथे परत सोडायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. काही नाही.

बाईंनी सांगितलं की ही रीत एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची. त्यांनी ती 1980 च्या सुमारास मांडली तेव्हा सहकाऱ्यांचा विश्वास बसला नाही, निबंध छापून यायला 1992 उजाडलं. आणि तपासणीची रीत त्याही आधीची, 1952 ची, लंडनमधल्या डिक्स आणि हॉलपाइक या दोघांची. 1992 ला मी अजून शिकत होते. म्हणजे माझी सगळी नोकरी झाली तेवढी वर्षं हा उपाय जगात आहे.

हे लिहिताना थांबावं लागलं, कारण मला आई दिसते आहे.

आई 77 वर्षांची, पाटणजवळच्या गावी असते. निदान बारा वर्षं ती डाव्या कुशीवर झोपत नाही. भिंतीला तक्क्या लावून अर्धी बसून झोपते. दोरीवर धुणं वाळत घालत नाही, ते काम शेजारच्या वहिनींना सांगते. देवळाच्या कळसाला मान वर करून हात जोडत नाही, पायरीलाच जोडते. आम्ही म्हणायचो, आईची मान दुखते. पट्टा तिच्याही कपाटात आहे, तीन आहेत. मी काल फोनवर विचारलं, ‘आई, डावीकडे वळलीस की काय होतं गं?’ ती म्हणाली, ‘घर फिरतं. पण थोडा वेळच. वळायचंच नाही, म्हणजे झालं.’ बारा वर्षांत मी तिला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

डॉक्टर, दोन गोष्टी. इतक्या वर्षांनी उपयोग होतो का? आणि तिची मान खरोखरच आखडलेली आहे, पाठीला पोक आहे. तिला असं झटकन मागे लोंबकळवणं मला धोक्याचं वाटतं.

कानोसा

तुमची शंका रास्त आहे. तिला तसं लोंबकळवायचं नाही, आणि तशी गरजही नाही. टेबलाच्या कडेला पाय खाली सोडून बसवायचं, डोकं उजवीकडे 45 अंश वळवायचं आणि अख्खं अंग डाव्या कुशीवर आडवं करायचं. मान मागे टाकावी लागत नाही, नलिका मात्र त्याच कोनात येते. उपचारही कुशीवरून कुशीवर नेऊन करता येतो, सेमाँची रीत म्हणतात तिला. पोक फार असेल तर डोक्याकडून खाली झुकणारं टेबल वापरतात. नेण्याआधी फोन करून वय, मान, पाठ आणि हाडांचा ठिसूळपणा सांगून ठेवा, म्हणजे मदतीला दुसरं माणूस तयार असेल.

जुन्या त्रासातही उपयोग होतो. एका खेपेत न झाल्यास दोन-तीन खेपा. बारा वर्षं सलग एकच खडा फिरत असेल असं नाही, मधे गेला आणि परत आला असेल, पण ती त्या कुशीला कधी वळलीच नाही तर कळणार कसं? या वयात मला भोवंडीपेक्षा पडण्याची भीती जास्त वाटते, खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच बदलतं. म्हणून उशीर नको. नंतरही काही दिवस चालताना अस्थिर वाटेल, सोबत कुणीतरी असू द्या. दोन रात्री बसून झोपा असं पूर्वी सांगायचे, त्याची आता गरज नाही.

मधुमालती

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाचून मीही आज दोन्ही कुशींवर वळून पाहिलं.

फळा_खडू

शनिवारी सकाळची शाळा आहे, दुपारी निघून रात्री आईकडे मुक्काम, रविवारी तिला घेऊन येणार. सोमवारी अकरा वाजताची वेळ मिळाली आहे. फोनवर पोक आणि हाडांचं सांगितलं, त्या म्हणाल्या टेबल आहे. भाऊ गाडी काढतोय. घाटात तिला मागच्या सीटवर उजवीकडे बसवायचं ठरलंय, म्हणजे बाहेर बघताना डावीकडे वळावं लागणार नाही.

चित्रकलेच्या बाईंची श्रवणचाचणी झाली, डाव्या कानात खालच्या पट्टीतलं ऐकणं कमी आलंय. पुढचे उपचार सुरू होताहेत. आता आम्ही त्यांच्या उजवीकडे बसतो.

सोमवारी रात्री लिहीन.